भरलेल्या वह्या, रिकामी आठवण

संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो असा: ‘वाचलेलं लक्षात कसं ठेवावं’. या विषयावर सात युक्त्या, दहा सवयी असं काहीतरी सांगायची पद्धत आहे. आम्ही तसं करणार नाही. आम्ही टीका करणार आहोत, आणि ती टिपणवहीवर. सुरुवात स्वतःच्या वह्यांपासून करतो, म्हणजे कुणाला राग येणार नाही.

गेल्या दिवाळीत घर आवरताना माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात आमच्या तेवीस टिपणवह्या होत्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या. प्रत्येक पुस्तकाचं नाव लाल शाईने, खाली दुहेरी रेघ, मग उतारे. अक्षर सुंदर. आमची भाची एम. ए. करते आहे, ती मदतीला आली होती. तिला नेमकं त्याच वेळी अभ्यासाला इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ होतं. वहीत ‘युगान्त’ची अकरा पानं टिपणं निघाली, त्यांतली चार एकट्या कर्णावर. ती म्हणाली, “मामा, वही मिटा आणि मला सांगा ना, कर्णाबद्दल बाईंचं म्हणणं नेमकं काय आहे?”

आम्ही वही मिटली. आणि मंडळी, आम्हाला सांगता येईना. एक वाक्य आठवलं, ते म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “हे वाक्य झालं. म्हणणं काय?” म्हणणं आठवत नव्हतं. चार पानं स्वतःच्या हाताने लिहिलेली, आणि हातात काही नाही.

मग तिने दुसरं प्रकरण विचारलं, ‘मयसभा’. त्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो! खांडववन जाळलं गेलं, पशुपक्षी जळाले, नाग जळाले, पळणाऱ्यांनाही वाट मिळाली नाही, आणि हे करणारे कृष्ण आणि अर्जुन. इरावतीबाई या प्रसंगाकडे भाविकपणे पाहत नाहीत, जमीन मिळवण्याची खटपट म्हणून पाहतात. तो सगळा युक्तिवाद आम्हाला पायरी पायरीने आठवत होता. गंमत म्हणजे वहीत ‘मयसभा’वर एक ओळसुद्धा नव्हती.

उलगडा दोन दिवसांनी झाला. ‘युगान्त’ची आमची जुनी प्रत कपाटात सापडली, आणि त्या प्रकरणात घडी घातलेला एक पाठकोरा कागद. त्यावर गिचमिड अक्षरात, पेन्सिलीने, आम्ही इतकंच लिहिलं होतं: ‘वनात राहणाऱ्यांचं काय झालं हा प्रश्न महाभारत विचारतं, की फक्त बाई विचारतात? आणि आत्याच्या गावाबद्दल कोण विचारतंय?’ ज्या वर्षी हे पुस्तक वाचलं त्या वर्षी आमच्या आत्याचं गाव धरणाच्या पाण्याखाली जायचं होतं. आम्ही तिथूनच एस.टी.ने परत येत होतो. पुस्तक पिशवीत होतं, डोक्यात गाव होतं.

आज सांगायचं आहे ते या दोन कागदांमधल्या फरकाबद्दल. एका बाजूला अकरा पानं सुवाच्य टिपणं, ती वाया गेली. दुसऱ्या बाजूला दोन ओळींचा गिचमिड कागद, तो पस्तीस वर्षं टिकला. असं का झालं?

पहिल्यांदा त्या सुंदर वहीची बाजू मांडतो, कारण टीका करताना प्रतिवादीला वकील द्यावा लागतो. आपल्याकडे उतरून काढण्याची परंपरा मोठी आहे आणि आदरणीय आहे. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं असावं, ओळी कशा सरळ असाव्यात, समास कसा सोडावा, याचं तिथे बारीक मार्गदर्शन आहे. ते कशासाठी? कारण छापखाना नव्हता. ग्रंथ टिकायचा तर तो कुणीतरी उतरून काढायलाच हवा, आणि वाचणाऱ्याला लागावं असं अक्षर हवं. नक्कल करणारा माणूस ग्रंथाला जिवंत ठेवत होता. त्याने मध्येच स्वतःची हरकत घुसडली असती तर ग्रंथ बिघडला असता. म्हणून नकलेत ‘मी’ नसणं हाच गुण.

आता आपलं पाहा. पुस्तक छापलेलं आहे, वाचनालयात आहे, हवं तर विकत मिळतं. ते टिकवण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. आपल्याला टिकवायचं आहे ते वाचन. तरीही आपण नकलनवीसाचेच नियम पाळतो: अक्षर नीट, शब्द मूळचे, स्वतःचं काही नाही. शाळेत ‘वही पूर्ण कर’ म्हणतात. पूर्ण म्हणजे काय, तर फळ्यावरचं वहीत आलं. ते मुलाच्या डोक्यात आलं का, हे लाल शाईच्या टिकमार्कला कळत नाही. पुढे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं अभ्यासिकेत दहा-दहा तास बसून रजिस्टरं भरतात, तिथेही हेच. पुस्तकातून वहीत, वहीतून छोट्या वहीत, त्यावर पिवळा, गुलाबी, हिरवा हायलायटर. या मुलांच्या आयुष्याची तीन-चार वर्षं यात जातात, घरचे पैसे जातात. म्हणून हा विषय आम्हाला छंदाचा वाटत नाही.

यावर शास्त्र काय म्हणतं? इथे जरा सावध राहू, कारण शास्त्राच्या नावाने पुष्कळ काही खपतं. स्मृतीवर बोलणारा प्रत्येक वक्ता एबिंगहाउसचा ‘विस्मरणाचा आलेख’ दाखवतो. 1885 साली या जर्मन शास्त्रज्ञाने आपलं पुस्तक छापलं. प्रयोग त्याने स्वतःवरच केले होते. एका दिवसानंतर तेच पुन्हा पाठ करताना त्याच्या श्रमांत सुमारे एक तृतीयांशच बचत होत होती. मग लोक म्हणतात, पाहा, वाचलेलं दोन तृतीयांश एका दिवसात जातं! अहो, पण त्याने पाठ काय केलं होतं? निरर्थक अक्षरांच्या जुळण्या. मुद्दामच निरर्थक, म्हणजे अर्थाची मदत होऊ नये. तो आलेख ‘युगान्त’ला लावणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहण्याचे नियम करण्यासारखं आहे. उलट त्यातून आपल्याला एक धडा मिळतो: ज्याला अर्थ नाही ते भराभर जातं. अर्थ न लावता उतरवलेला उतारा आपल्यापुरता जवळजवळ निरर्थकच असतो.

दुसरा प्रयोग आपल्या जास्त जवळचा आहे. 2006 साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे गद्य उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला, आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र उलट झालं. वाचणारे 40 टक्क्यांवर आले, लिहिणारे 61 वर राहिले. आणि खरी मेख पुढेच आहे. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असं विचारलं तेव्हा, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त खात्री होती!

मंडळी, आमच्या तेवीस वह्यांचं रहस्य हेच. समोर पुस्तक उघडं ठेवून लिहिताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळख म्हणजे आठवण नव्हे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो, नाव सांगता येत नाही, तसं हे. पुस्तक मिटल्यावर जे लिहिता येतं तेवढंच आपलं.

आता कुणी म्हणेल, हे कॉलेजातल्या पोरांचे छोटे उतारे झाले. मोठी माणसं मोठी पुस्तकं कशी वाचतात? म्हणून आपल्याच मातीतली दोन उदाहरणं घेतो.

पहिलं टिळकांचं. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात, 1910-11 च्या हिवाळ्यात, पेन्सिलीने लिहिलं गेलं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण प्रस्तावनेत टिळकांनी स्वतःच या वाचनाचा इतिहास दिला आहे, तो आपण घाईने ओलांडतो. 1872 साली वडील शेवटच्या आजारात असताना त्यांना गीतेवरची एक प्राकृत टीका वाचून दाखवण्याचं काम टिळकांकडे आलं. वय सोळा. तिथे प्रश्न रुजला. मरणाच्या दारातल्या माणसाला शांतीसाठी वाचून दाखवायचा हा ग्रंथ, मग तो युद्धाच्या तोंडावर अर्जुनाला का सांगितला? पुढे त्यांनी भाष्यं वाचली, टीका वाचल्या, समाधान झालं नाही. मग त्यांनी सगळ्या टीका बाजूला ठेवल्या आणि मूळ गीता स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा वाचून विचार केला. 1902 मध्ये नागपूरला आणि 1904 मध्ये संकेश्वर मठात या विषयावर व्याख्यानं दिली. म्हणजे ग्रंथ लिहायच्या आधी तो दोनदा लोकांसमोर बोलून पाहिला.

ही क्रिया नीट पाहा. वाचन, मग प्रश्न, मग पुस्तकं बाजूला ठेवून मनन, मग दुसऱ्याला सांगणं, आणि लेखन सगळ्यात शेवटी. 1914 मध्ये सुटका झाली तेव्हा हस्तलिखिताच्या वह्या सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या होत्या. लोकांना काळजी वाटली. त्यावर टिळक म्हणाले, वह्या परत नाही मिळाल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन, असं सांगतात. वह्या मिळाल्या, 1915 मध्ये पुस्तक आलं. पण ही कसोटी आम्हाला फार मोलाची वाटते. आपली वही जप्त झाली तर काय उरेल? आमच्या तेवीस वह्या जप्त झाल्या असत्या तर सरकारला रद्दी मिळाली असती आणि आमचं काही गेलं नसतं.

इथे एक गैरसमज नको. टिळकांची स्मरणशक्ती दैवी होती म्हणून जमलं, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. तुरुंगातही ते पुस्तकं मागवत होते, पडताळून पाहत होते. स्मरणशक्ती होतीच. पण चाळीस वर्षं सोबत राहिलेला प्रश्न होता, आणि जे जे वाचलं ते त्या प्रश्नाला येऊन चिकटलं.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. 1913 ते 1916 ते कोलंबिया विद्यापीठात होते, तिथे जॉन ड्यूई यांचे विद्यार्थी. ड्यूईंचं ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ 1916 मध्ये निघालं. बाबासाहेबांची या पुस्तकाची प्रत, त्यांच्या खुणांसह, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात जपलेली आहे. वीस वर्षांनी, 1936 मध्ये, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी त्यांनी भाषण तयार केलं. ते भाषण होऊ दिलं गेलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं: ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’.

या भाषणात ड्यूई दोन प्रकारे येतात. एक, उघडपणे. बाबासाहेब नाव घेतात, माझे गुरू म्हणतात, ऋण मान्य करतात. दोन, नाव न घेता. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोचवण्याची रीत आहे, हा विचार आणि त्याची शब्दकळासुद्धा ड्यूईंकडून आलेली आहे. समाजाच्या एका थरातून दुसऱ्या थरात विचार झिरपत राहायला हवेत यासाठी वापरलेली ती ‘एन्डॉस्मॉसिस’ची उपमाही तिथलीच. वीस वर्षांपूर्वीचं वाचन रक्तात मिसळलं होतं.

पण आमच्या मते महत्त्वाची गोष्ट याच्याही पुढे आहे. ड्यूई अमेरिकन समाजाबद्दल आणि शाळांबद्दल लिहीत होते. जातीबद्दल नव्हे. बाबासाहेबांनी तो विचार उचलून इथल्या समाजासमोर धरला आणि विचारलं, जिथे जातीमुळे माणसं एकमेकांच्या अनुभवात भागीदारच होत नाहीत तिथे ही लोकशाही कशी उभी राहील? हे उतरवून घेणं नव्हे. हे पुस्तकाला दिलेलं उत्तर आहे. पुस्तक जिथे थांबलं तिथून स्वतःच्या जगण्याला जोडून घेतलेलं उत्तर. आणि ते जगणं कसं होतं, हे या सभागृहात आम्ही सांगायची गरज नाही.

तेव्हा आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: टिपण ही साठवण नाही, टिपण हे उत्तर आहे. पुस्तक आपल्याशी बोललं, आपण काय म्हणालो? तेवढंच टिकतं.

आता हरकती. आम्हालाही त्या सुचतात.

पहिली हरकत: स्वतःच्या शब्दांत लिहीत गेलो तर लेखकाचं काय आणि आपलं काय, यात गोंधळ होईल. बरोबर आहे. लेखकाच्या तोंडी आपलं मत घालणं, किंवा त्याचं वाक्य आपलं म्हणून वापरणं, दोन्ही वाईट. म्हणून पान क्रमांक लिहा. नेमका शब्दच महत्त्वाचा असेल तेव्हा अवतरणचिन्हांत तेवढंच वाक्य घ्या. नकलनवीसाची काटेकोर नजर इथे हवी. त्याला घराबाहेर काढायचं नाही, फक्त मालक करायचं नाही.

दुसरी हरकत तरुण मंडळींची: “सर, आता अ‍ॅप आहे. खुणा केलेलं सगळं आपोआप जमा होतं, शोधलं की सापडतं.” छान आहे. पण सापडणं वेगळं आणि सुचणं वेगळं. या पद्धतीचे लोक जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांचं नाव घेतात. त्यांच्याकडे सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या होत्या, हे खरं. पण त्या काही आपोआप जमा झाल्या नव्हत्या. प्रत्येक चिठ्ठी लिहिताना, ही आधीच्या कोणत्या चिठ्ठीशी बोलते, हे ठरवून तिला क्रमांक द्यावा लागे. ते ठरवणं हेच मनन. अ‍ॅप ते काम आपल्यासाठी करून टाकत असेल तर जे करायचं तेच आपण सोडून दिलं. आणि वही बरी की लॅपटॉप, या भांडणात आम्ही पडत नाही. हाताने लिहिलेलं जास्त कळतं असं 2014 च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं, पुढच्या अभ्यासांत ते तितकं स्पष्ट दिसलं नाही. शब्दन् शब्द उतरवणारा माणूस दोन्हीकडे सारखाच.

तिसरी हरकत आम्हाला सगळ्यात जास्त पटते: प्रत्येक पुस्तकाला कशाला पाहिजे उत्तर? आनंदासाठी वाचावं की नाही? जरूर वाचावं. पु. ल. वाचताना पेन्सिल घेऊन बसणाऱ्या माणसाची आम्हाला भीती वाटते. विसरलेलं सगळंच वाया जातं असंही नाही. पण ज्या पुस्तकाने झोप उडवली, राग आणला, आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायला लावलं, त्याला उत्तर न देता पुढचं पुस्तक उघडणं हा त्या पुस्तकाचा अपमान आहे.

आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. नियम म्हणून नाही, तुम्ही विचाराल म्हणून. एक प्रकरण वाचून होईपर्यंत पेन हातात घेत नाही. मग पुस्तक मिटतो आणि पाठकोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहितो: लेखकाचं म्हणणं काय, ते कशाच्या आधारावर, आणि आमची हरकत किंवा प्रश्न काय. मग पुस्तक उघडून चुका दुरुस्त करतो, पान क्रमांक टाकतो. चुका होतात, पुष्कळ होतात, आणि दुरुस्त केलेली चूक सगळ्यात जास्त लक्षात राहते. आठवड्याने तोच कागद न पाहता कुणाला तरी सांगतो. घरी कुणी ऐकत नसेल तर सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राला. तो कंटाळला की समजतो, आपल्यालाच नीट कळलेलं नाही.

यात वेग कमी होतो. पूर्वी वर्षाला चाळीस पुस्तकं व्हायची, आता पंधरा होतात. सुरुवातीला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ती चाळीस कधी झालीच नव्हती.

भाचीने तो पाठकोरा कागद मागून घेतला. आम्हाला वाटलं आठवण म्हणून. चार दिवसांनी तो तिने परत आणून दिला, खाली तिने लिहिलं होतं: ‘मामा, तुम्ही आत्याच्या गावाबद्दल विचारलंत. पण त्या धरणाचं पाणी आज ज्या शेतांना मिळतं त्यात आपलंही शेत आहे. मग खांडववनात आपण कोण?’ आम्ही पस्तीस वर्षं तो प्रश्न जपला होता, आणि स्वतःला नेहमी जळणाऱ्यांच्या बाजूला धरलं होतं. तिने एका ओळीत आमची जागा बदलली. आम्ही ‘युगान्त’ पुन्हा वाचायला घेतलं आहे. या वेळी कर्णापासून.

तुमच्यापैकी बरेच जण आज लिहून घेत होते, ते आम्ही पाहिलं. घरी गेल्यावर ती वही उघडू नका. जेवण झाल्यावर एका कोऱ्या कागदावर, आम्ही काय म्हणालो आणि कुठे चुकलो, ते लिहा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा तो दुसरा भाग आधी सांगा.